आधी बस, मग तुकडा

माळशिंगी नावाच्या गावात नरसू धायगुडे नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. तसे भोळे गावात आणखीही होते, पण त्या सगळ्यांची नावे मतदार यादीत एकाखाली एक असल्यामुळे कोणी उठून दिसत नसे. नरसू उठून दिसे.

त्याच्यात एक मोठा गुण होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. ती कुठे वापरायची, एवढेच त्याला उमगत नसे. एकदा तलाठ्याने त्याला म्हटले, "मी येईपर्यंत या खुर्चीवर कोणाला बसू देऊ नको." तलाठी तालुक्याला गेला, तिथे त्याच्या हातात बदलीचा हुकूम पडला आणि तो तिथूनच नव्या गावी रुजू झाला. नवा तलाठी आला, त्याला नरसूने अकरा दिवस उभे ठेवले. गावाची कामे मात्र पूर्वीइतकीच झाली.

पंचायतीने नरसूला पाण्याच्या टाकीवर ठेवले होते. सकाळी मोटार चालू करायची, टाकी भरली की बंद करायची. मोटारीच्या खोलीची किल्ली त्याच्या करदोट्याला असे.

सगुणा त्याची बायको. लग्नाला सात वर्षे झाली होती. एवढ्या काळात तिला नरसूची सवय झाली होती. लाल्याची होईना.

लाल्या म्हणजे घरातले कुत्रे. तांबूस रंगाचा, दीड वर्षाचा, अंगाने थोराड. दारात कोणी आले की तो मागच्या पायांवर उभा राही आणि पुढचे दोन चिखलाचे पाय त्याच्या छातीवर ठेवी. रस्त्याने माणूस गेले तरी भुंके, माणसाची सावली गेली तरी भुंके. बाहेर जायचा कंटाळा आला की ज्वारीच्या पोत्यावर तंगडी वर करी. घरात एकटा राहिला की आधी रडे, आणि रडून भूक लागली की मिळेल ते चावी. सगुणाच्या तीन चपला त्याने खाल्ल्या. उशी खाल्ली. शेवटी भावाच्या लग्नात मिळालेला शालू खाल्ला. जरीची किनार तेवढी बाजूला काढून ठेवली.

सगुणा ती किनार हातात घेऊन बाहेर आली.

"त्याला तुम्ही काही सांगत का नाही?"

"त्यानं मला विचारलं नाही," नरसू म्हणाला.

सगुणाने पिशवी भरली आणि ती निंबोडीला माहेरी गेली. आठव्या दिवशी सासरे दाजीबा शेळके आले. लाल्याने त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन पाय उमटवले. दाजीबा भला माणूस. ते सदरा झटकत म्हणाले, "जावईबापू, दर बुधवारी तुमच्या गावात जनावरांच्या डॉक्टर येतात. त्यांना विचारा. आज धरून चार बुधवार घ्या. पाचव्या बुधवारी मी सगुणाला आणि दोन भल्या माणसांना घेऊन येतो. कुत्रं शहाणं झालं असेल तर पोरगी उंबऱ्याच्या आत येईल. नसेल, तर पुढचा विचार त्या दोघांच्या समोर करू."

निंबोडीत पुढचा विचार म्हणजे काडीमोड. हे नरसूलाही कळत होते.

त्याला सगुणा परत हवी होती. ती गेल्यापासून घरात त्याला कोणी काही सांगत नव्हते, आणि सांगणारे नसले की नरसूचे काही चालत नसे. तो तव्यावर भाकरी टाकी आणि कोणीतरी "उलटा" म्हणेल म्हणून वाट बघत बसे. आठ दिवस तो एका बाजूने करपलेल्या भाकरी खात होता.

तो लगेच चावडीवर गेला. तिथे कोळेकर मॅडम एका म्हशीला सुई टोचत होत्या.

"मॅडम, आमचा लाल्या माणसांच्या अंगावर उड्या मारतो."

"तुम्ही काय करता?"

"मी बघतो."

मॅडम हसल्या. त्या नवीन होत्या. म्हणाल्या, "हे बघा, त्याला तुमचं लक्ष हवं असतं. ढकललंत, ओरडलात, तरी त्याला ते लक्षच वाटतं. तो उडी मारत आला की हात छातीशी बांधायचे, पाठ फिरवायची, भिंतीकडे बघायचं. एक अक्षर बोलायचं नाही. चारही पाय जमिनीला टेकले, की मग वळायचं, डोक्यावरून हात फिरवायचा, शाब्बास म्हणायचं."

नरसूने ते घोकले. हात छातीशी, पाठ, भिंत, चार पाय, शाब्बास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटार चालू करून खोलीला कुलूप लावून बाहेर उभा होता. टाकी भरली. भरून वाहू लागली. टाकीच्या खाली अंकुशरावांची कांद्याची चाळ होती. अंकुशराव म्हणजे गावचे सरपंच. निवडून त्यांची बायको आली होती, पण ती स्वयंपाकघरात होती आणि शिक्का अंकुशरावांच्या खिशात होता.

अंकुशराव दोन्ही हात वर करून धावत आले.

"नरसू, मोटार बंद कर. चाळीत पाणी शिरलं. दीडशे पोती कांदा आहे माझा."

त्यांनी येऊन नरसूच्या छातीवर दोन्ही हात आपटले. नरसूला काय करायचे ते माहीत होते. त्याने हात छातीशी बांधले, पाठ फिरवली आणि खोलीच्या भिंतीकडे बघत उभा राहिला.

अंकुशराव फिरून समोर आले. नरसू पुन्हा वळला. ते डावीकडून आले. तो उजवीकडे वळला. "अरे किल्ली तरी दे," अंकुशराव म्हणाले. नरसू एक अक्षर बोलला नाही. असे दोघे खोलीभोवती तीन वेळा फिरले. चौथ्या फेरीला अंकुशरावांचा पाय चिखलावरून सरकला आणि ते पुढे पडले.

नरसूने मान वळवून मोजले. दोन पाय, दोन हात. चारही जमिनीला टेकले होते. तो वळला, त्याने अंकुशरावांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "शाब्बास. आता सांगा, काय झालं?"

कांदा चार दिवस उन्हात पसरून ठेवला होता. गावाने फुकट वास घेतला.

अंकुशराव जरा शांत झाले, तेव्हा त्यांनी नरसूला समोर बसवले. "अरे गाढवा, कोणी ओरडत आलं की तोंड फिरवायचं नसतं. धावत जायचं. काय पाहिजे विचारायचं. जे मागेल ते हातात द्यायचं. आणि तो गप्प होईपर्यंत देत राहायचं. समजलं?"

"समजलं."

नरसू घरी आला. लाल्या फाटकाशी उभा राहून रस्त्यावरच्या शेळीवर भुंकत होता. नरसू धावत गेला.

"काय पाहिजे?"

लाल्या भुंकला. नरसूने अर्धी भाकरी दिली. भाकरी खाताना लाल्या गप्प झाला. खाऊन झाल्यावर पुन्हा भुंकला. नरसूने उरलेली अर्धी दिली. मग गुळाचा खडा दिला. मग स्वतःची चप्पल दिली. सगुणाच्या चपला संपल्या होत्या.

लाल्या हुशार कुत्रे होते. भुंकले की भाकरी येते, हे त्याला दोन दिवसांत कळले. आधी तो रस्त्यावर कोणी दिसले तर भुंके. आता कोणी नसले तरी भुंकू लागला. शेजारच्या तान्हूबाई कानाला पदर लावून भिंतीशी आल्या.

"नरसू, अरे त्याला काय झालंय?"

"काही नाही काकू. जेवण चाललंय."

पुढच्या बुधवारी नरसूने मॅडमना सगळे सांगितले. मॅडमनी पेन खाली ठेवले.

"भुंकायला तुम्हीच शिकवलंत," त्या म्हणाल्या. "भुंकताना काही द्यायचं नाही. थांबायचं. कधीतरी तो श्वास घ्यायला थांबेल. एक क्षण जरी गप्प झाला, तरी त्याच क्षणी तोंडात तुकडा घालायचा आणि शाब्बास म्हणायचं. भुंकून मिळत नाही, गप्प राहून मिळतं, हे त्याला कळलं पाहिजे."

नरसूने घोकले. थांबायचं, गप्प झाला, तोंडात तुकडा, शाब्बास.

शुक्रवारी ग्रामसभा होती. नरसूकडे बिस्किटांचे ताट होते. त्याने सभेवरून नजर फिरवली. बरीच माणसे गप्प बसली होती. त्याने त्यांच्या तोंडात एकेक बिस्कीट घातले. सभेला येऊन तोंडात काही पडल्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. मागच्या ओळीतून शेवंताबाई उठल्या. "नळ बसवून दोन वर्षं झाली, पाणी कधी येणार ते सांगा," असे त्यांनी विचारले. नरसूने त्यांना बिस्कीट दिले नाही. ते पाहून त्यांच्याजवळची आणखी दोघे-तिघे उठणार होती, ती खाली बसली. त्यांना मिळाले.

मग अंकुशराव बोलायला उभे राहिले. नरसू ताट घेऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागला.

"बंधूंनो आणि भगिनींनो," अंकुशराव म्हणाले आणि गावकऱ्यांवर परिणाम व्हावा म्हणून थांबले.

नरसूने त्यांच्या तोंडात बिस्कीट घातले. "शाब्बास."

अंकुशरावांनी ते घाईने गिळले. "या गावाच्या विकासासाठी मी," ते म्हणाले आणि खोकला आला म्हणून थांबले.

"शाब्बास."

"माझं रक्त आटवलं, माझी," इथे त्यांना हुंदका आवरायचा होता. तो ते दर सभेत आवरत.

"शाब्बास."

भाषण एरवी दीड तास चाले. त्या दिवशी अकरा बिस्किटांत संपले. लोकांनी पंचायतीच्या इतिहासात प्रथमच मनापासून टाळ्या वाजवल्या.

अंकुशरावांना राग एकाच गोष्टीचा होता. गप्प बसणाऱ्याला बिस्कीट ही पद्धत पंचायतीत आधीपासून होतीच. पण ते बिस्कीट असे दिसता कामा नये, आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडात तर मुळीच जाता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते.

दाराआड नेऊन ते नरसूला म्हणाले, "माझं काही चुकत असेल, तर चारचौघांत तिथल्या तिथे काही करायचं नाही. बघून न बघितल्यासारखं करायचं. दुसऱ्या दिवशी एकांतात यायचं, समोर बसायचं, आणि शांतपणे पहिल्यापासून समजावून सांगायचं."

"पहिल्यापासून," नरसू म्हणाला.

घरी आला तर लाल्या ज्वारीच्या पोत्याला वळसा घालत होता. नरसूने पाहिले. लाल्याने तंगडी वर केली. नरसूने आढ्याकडे पाहिले. लाल्याचे काम झाले. नरसूने त्याला काही म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दार लोटून घेतले, लाल्याला पोत्यासमोर बसवले आणि स्वतः पाटावर बसला.

"लाल्या, काल चार वाजता तू कुठं होतास ते आठव," त्याने सुरुवात केली.

पेरणीपासून सुरुवात केली. ज्वारी कशी येते, किती दिवसांनी येते, सगुणाने ती कशी निवडली, पोत्याला टाके कोणी घातले, असे सगळे शांतपणे सांगितले. तास झाला. लाल्या मान तिरकी करून ऐकत होता. आवाजात माया आहे आणि समोर पोते आहे, एवढे त्याला कळले. तो उठला, नरसूच्या डोळ्यांत बघत पोत्यापाशी गेला आणि त्याने तंगडी वर केली.

नरसूला मध्येच बोलता येईना. दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागणार होती.

तिसऱ्या बुधवारी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"धायगुडे, नीट ऐका. कुत्र्याला कालचं समजत नाही. जे चाललंय, त्या क्षणीच सांगावं लागतं. जेवल्यावर त्याला बाहेर न्यायचं, झोपून उठल्यावर न्यायचं. आणि बाहेर काम उरकलं, की तिथंच, त्याच क्षणी, टाळ्या वाजवून कौतुक करायचं. मोठ्यानं. बाहेर केलं म्हणजे काहीतरी फार चांगलं केलं, असं त्याला वाटलं पाहिजे."

"लाजायचं नाही ना?"

"मुळीच लाजायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

शनिवारी स्वच्छ गाव स्पर्धेची तपासणी होती. तालुक्याहून साहेब आले होते. माळशिंगीत एकही माणूस आता उघड्यावर जात नाही, असा ठराव पंचायतीने केला होता, आणि ठराव एकमताने झाल्यामुळे तो खरा होता. पंचायतीसमोर एक झकास शौचालय बांधले होते. त्याला निळा रंग दिला होता. आत अंकुशरावांच्या बैलांचा कडबा होता.

साहेबांनी तपासणी केली, म्हणजे मटण खाल्ले. दोन वाट्या रस्सा जास्त घेतला. अर्ध्या तासाने ते उठले आणि निळ्या दाराकडे चालू लागले. अंकुशराव किल्ली शोधायला घरी पळाले. किल्ली बैलांच्या गड्याजवळ होती, गडी मळ्यात होता. साहेबांना मळ्याइतका वेळ नव्हता. ते झपाझप ओढ्याकडच्या बाभळींमागे गेले.

नरसू भांडी घासत होता. त्याने विचार केला. साहेब जेवले होते. साहेब बाहेर गेले होते. त्याने हात पुसले.

बाभळींमागून टाळ्यांचा आवाज आला. सगळे गाव तिकडे बघू लागले.

"शाब्बास साहेब," नरसूचा खणखणीत आवाज आला. "फार चांगलं केलंत. बाहेर केलंत. आता रोज बाहेरच करायचं."

शाळेच्या मुलांना टाळी ऐकली की टाळी द्यायची, असे तपासणीसाठी शिकवले होते. त्यांनीही दिली.

साहेब बाभळींमागून आले ते थेट जीपमध्ये बसले. त्यांनी हार घेतला नाही, नारळ घेतला नाही. निकाल नंतर लागला. माळशिंगीचा नंबर शेवटून पहिला होता.

अंकुशरावांनी जीपच्या धुळीत उभे राहून नरसूला सुनावले. "अरे, मोठा माणूस निघाला तर निरोप कसा द्यायचा, एवढं तरी तुला कळतं? गाडीपर्यंत जायचं. हात हातात घ्यायचा. डोळ्यांत पाणी आणायचं. लवकर परत या, तुमच्याशिवाय करमत नाही, असं चार वेळा म्हणायचं. परत आला की धावत जाऊन गळ्यात पडायचं. तू टाळ्या वाजवतोस? दहा दिवस मला तोंड दाखवू नको."

नरसूने दोन्ही गोष्टी घोकल्या.

पहिली त्याने लाल्यासाठी घेतली. टाकीवर जायला निघाला की तो उंबऱ्याशी बसे, लाल्याचा पुढचा पाय हातात घेई आणि डोळ्यांत पाणी आणी. "लाल्या, मी चाललो. करमेल ना तुला? मलाही करमत नाही." असे चार वेळा. परत आला की गळ्यात पडे.

लाल्याला आधी एकटे राहायची नुसती भीती वाटत होती. आता त्याची खात्री पटली. धनी असा रडून जातो, त्या अर्थी बाहेर काहीतरी भयंकर आहे आणि हा बहुधा परत येत नाही, असे त्याने धरले. नरसूची पाठ फिरली की तो गळा काढी. दाराची खालची फळी त्याने कुरतडून टाकली. तान्हूबाईंना वाटले नरसूच गेला. त्या रडायला आल्या आणि लाल्याच्या सुरात सूर मिसळून परत गेल्या.

चौथ्या बुधवारी नरसू चावडीत आला, तेव्हा त्याच्या तोंडावर टॉवेल होता. अंकुशराव तिथेच बसले होते.

मॅडमनी सगळे ऐकून घेतले. डोळे मिटले. उघडले.

"पुढच्या बुधवारी तुमची मंडळी येणार?"

"व्हय मॅडम," टॉवेलच्या आतून आवाज आला. "कुत्रं शहाणं झालं नाही, तर ती राहायची नाही."

"मग आता दोनच गोष्टी सांगते. तिसऱ्याचं काही ऐकू नका. पहिली, जाताना आणि येताना काही गाजावाजा करायचा नाही. निरोप नाही, बोलणं नाही, वळून बघणं नाही. काही घडतच नाहीये, असं वागायचं. आधी एक मिनिट, मग पाच, मग अर्धा तास. हळूहळू त्याला कळेल, की गेलेलं माणूस परत येतं. दुसरी, दारात आलं की आधी बसायचं. हातात भाकरीचा तुकडा घ्यायचा, त्याच्या डोक्यावर धरायचा, जरासा मागं न्यायचा, आणि बस म्हणायचं. एकदाच. बूड टेकलं की तुकडा द्यायचा. न बसता कोणी दाराच्या आत यायचं नाही. आधी बस, मग तुकडा."

"आधी बस, मग तुकडा," नरसू म्हणाला.

त्या आठवड्यात एक नवल झाले. नरसू तोंडावर टॉवेल टाकून गावातून हिंडत असल्यामुळे त्याला कोणी हाक मारली नाही. हाक नाही म्हणून कोणी काही सांगितलेही नाही. मॅडमच्या दोन गोष्टी तेवढ्या त्याच्या डोक्यात राहिल्या आणि त्या त्याने आठवडाभर एकाच कुत्र्यावर केल्या.

लाल्या सुधारला. मंगळवारपर्यंत तो बस म्हटले की बसत होता. नरसू गेला की उंबऱ्यावर हनुवटी ठेवून पडे, आला की शेपूट हलवी. दारात माणूस आले की उडी मारायच्या ऐवजी खाली बसून हाताकडे बघे. पोते कोरडे होते. चारच दिवस नीट शिकवले तर कुत्रे शिकते. त्याच्याभोवती सांगणारी माणसे कमी लागतात, एवढेच.

पाचव्या बुधवारी अकरा वाजता वडापची जीप आली. जीपवाला परतीच्या भाड्यासाठी इंजिन चालू ठेवून उभा राहिला. दाजीबा उतरले, दोन भली माणसे उतरली, मागून सगुणा उतरली. तिच्या हातात तीच पिशवी होती.

नरसूने टॉवेल काढला. दहा दिवस संपले होते.

दाजीबा सदरा आवरून धरत दाराशी आले. लाल्या उठला, जवळ आला आणि त्यांच्यासमोर गपकन खाली बसला. भुंकला नाही. दाजीबांनी एक पाऊल मागे घेतले, एक पुढे टाकले. लाल्या बसूनच राहिला. दोघा भल्या माणसांपैकी एकाने त्याला मुद्दाम छू म्हणून पाहिले. लाल्याने त्याच्याकडे दयेने पाहिले.

"जावईबापू," दाजीबा म्हणाले.  "मानलं तुम्हाला. मला वाटलं नव्हतं."

सगुणा आत डोकावली. पोते पाहिले. चुलीजवळ करपलेल्या भाकरीचे तुकडे पाहिले. "किती वाळलाय," ती हळूच म्हणाली. हे ती कुत्र्याला म्हणाली नव्हती.

"आत या की," नरसू म्हणणार होता, पण तान्हूबाई आडव्या आल्या. माळशिंगीत बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसाला तसेच आत घेत नाहीत. दारात उभे करून त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात, मग आत घेतात. तान्हूबाई पाण्याचा तांब्या आणि भाकरी घेऊन तयारच होत्या. सगुणा पदर सावरून उंबऱ्यापाशी उभी राहिली. पण तान्हूबाईंचा खांदा आखडला होता, हात डोक्यापर्यंत जाईना.

"धर रे नरसू, तूच ओवाळ," त्या म्हणाल्या आणि भाकरी त्याच्या हातात दिली.

दारात माणूस होते. हातात भाकरी होती. नरसूने तुकडा मोडला, सगुणाच्या डोक्यावर धरला, जरासा मागे नेला आणि म्हणाला, "बस."

सगुणाने वर पाहिले. "काय?"

एकदाच म्हणायचे होते.  नरसूने तुकडा आणखी जरा मागे नेला.

"अगं, आत येऊन बस म्हणतायत ते," दाजीबा घाईने म्हणाले.

"आत नाही मामा," नरसू म्हणाला. "इथंच. बूड टेकल्याशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही, असं मॅडमनी सांगितलंय. टेकलं की तुकडा. घाबरू नको सगुणा, लाल्यालाही पहिले दोन दिवस जमलं नव्हतं."

दोघे भले दाजीबांकडे बघू लागले. दाजीबा बोलल्याशिवाय बोलायचे नाही, एवढ्यासाठीच ते आले होते.

सगुणा काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. तिने वर हात करून नरसूच्या हातातला तुकडा काढून घेतला, लाल्याला दिला आणि त्याच्या मानेवर हात ठेवला.

"सात वर्षं मी एकटी तुम्हाला सांगत होते," ती म्हणाली. "याला चार बुधवारात कळलं. कुत्र्यासाठी घर सोडलं म्हणून गाव मला हसलं. चल रे लाल्या."

लाल्या उठला आणि तिच्या पायापायांत चालू लागला. ओढाओढ नाही, काही नाही. ती दोघे जीपकडे निघाली.

 धावत जाऊन तिची पिशवी धरावी असे नरसूला फार वाटले. पण गाजावाजा करायचा नव्हता. निरोप नाही, बोलणे नाही, वळून बघणे नाही. त्याने मोठ्या निग्रहाने पाठ फिरवली आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

"अहो जावईबापू, अडवा तिला," दाजीबा म्हणाले.

"नको मामा. पहिल्यांदा एक मिनिट. मग पाच."

 दाजीबा मटकन उंबऱ्यावर बसले. पण पोरगी बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. एक हाक मारली असती, तर ती जीपमध्ये चढता चढता थांबली असती. दाजीबांनी हाक मारायला तोंड उघडले.

नरसूला मागून बूड टेकल्याचा आवाज आला. तो वळला. पाहतो तो मामा दारात बसलेले, तोंड उघडे. कोणी न सांगता बसले होते. त्याने हातात उरलेली सगळी भाकरी त्यांच्या तोंडात घातली आणि म्हणाला, "शाब्बास."

भाकरी कोरडी होती. दाजीबांनी ती गिळेपर्यंत जीप ओढा ओलांडून गेली. मागच्या बाजूला सगुणा बसली होती आणि तिच्या मांडीवर पुढचे दोन पाय ठेवून लाल्या.

नरसू कान देऊन ऐकत होता. कोणी गळा काढला नाही, कोणी काही कुरतडले नाही. दोघेही फार लवकर शिकली, असे त्याला वाटले, आणि मिनिट कधी संपते ते सांगायला कोणी आहे का, म्हणून तो इकडे तिकडे बघू लागला.